सगळ्यांना पटलेला विषय

चिंतामणी सरांनी स्वरालीची तिसरी चिठ्ठीही परत केली. परत करताना ती इतकी हळुवार घडी घालून दिली, की बघणाऱ्याला वाटावं आत अंगारा आहे.

पहिल्या चिठ्ठीवर 'झाडे लावा' होतं, दुसरीवर 'मोबाईलचा अतिवापर' आणि आता ही तिसरी, 'पाण्याचे महत्त्व'.

"पाण्याच्या विरुद्ध कोण आहे रे वर्गात?" सरांनी विचारलं.

मागच्या बाकावरून युवराजनं हात वर केला. "मी हाय की सर. थंडीत. सकाळच्याला."

वर्ग हसला, सरही हसले, पण चिठ्ठी काही त्यांनी ठेवून घेतली नाही.

बेळगावातल्या त्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला सर भाषणकला शिकवायचे आणि त्यांची एक पद्धत ठरलेली होती. आधी विषय सांगायचा. फळ्यावर दोन रकाने, 'बाजूने' आणि 'विरुद्ध'. सगळ्यांनी हात वर करायचे, सरांनी मोजायचे. मग पाच मिनिटं बोलायचं. मग पुन्हा हात. जितके हात इकडचे तिकडे झाले, तितके गुण पदरात. "जिथं सगळे आधीच माना डोलवतात," सर म्हणायचे, "ते भाषण नव्हे, ती आरती. टाळ्या वाजवा आणि घरी जा." शिवाय ज्या माणसाला पटवायचंय त्यालाच घरातून, गल्लीतून उचलून वर्गात आणून बसवलं, तर दोन गुण जास्त. विषय कुठलाही चालायचा, सीमाप्रश्न तेवढा सोडून. त्यावर आजवर ह्या वर्गात एकाही माणसानं मत बदललेलं नाही, पाच मिनिटांत तर मुळीच बदलणार नाही, असं सरांचं म्हणणं होतं, आणि ह्या म्हणण्याला मात्र दोन्ही बाजूंचा पाठिंबा होता.

युवराजनं आजोळाला जागून 'कुंद्यापेक्षा करदंट सरस' असा विषय घेतला होता. कुंद्याच्या गावात, बेळगावच्या भर वर्गात चार हात बाजूनं आणि एकतीस विरुद्ध. पाच मिनिटांनी बाजूनं तेरा. खिशातून त्या डिंक-सुक्यामेव्याच्या वडीची पुडी काढून पहिल्या बाकावर एकेक तुकडा फिरवला होता गड्यानं. सर म्हणाले होते, "ह्याला लाच म्हणतात." युवराज म्हणाला होता, "पुरावा म्हणत्यात सर."

स्वरालीचा नंबर मंगळवारी होता. आज शुक्रवार.

कंग्राळीच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळूनही तिचं बाहेर लक्ष नव्हतं. वहीच्या मागच्या पानावर ती विषय लिहायची आणि खोडायची. डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख कुरतडून संपलं, तेव्हा तिनं उजव्याला सुरुवात केली. एकोणीस वर्षांच्या आयुष्यात आपण कुणाला एकदा तरी काही पटवून दिलंय का, हे ती आठवून बघत होती. सायकल मागितली होती, ती सौरवदादाची जुनी मिळाली. कॉलेजला जायचं म्हणाली होती, तर आप्पा म्हणाले होते, "जा की. नको कोण म्हणतंय?" तिच्या घरात हीच तर गोम होती. नको कुणी म्हणतच नसे.

घरी पोचली तेव्हा आई भाकरीला बसली होती. बाहेरच्या खोलीत सौरव पंख्याखाली पडून टीव्ही बघत होता. तो उद्यमबागेतल्या कारखान्यात पहिल्या पाळीला जायचा, म्हणजे दुपारनंतर घर त्याचंच. स्वरालीनं दप्तर ठेवलं, पाणी प्यायली, उठली, बसली, परत उठली.

"काय झालंय गं?" आईनं विचारलं. "नुसती कोंबडीवानी हिंडालीस."

"विषय मिळंना."

"कसला?"

"भाषणाला. कुणाला तरी काहीतरी पटवायचंय."

"मग सौरवला पटीव, टीव्ही बारीक कर म्हणून," आई म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटायला हात पुढं केला. भाकरी बोटांत आली आणि तशीच सुटली, अर्धी तव्यावर, अर्धी चुलीच्या तोंडाशी. आईनं ती डाव्या हातानं उचलली, राख झटकली आणि उजवा हात कोपरापासून झटकत बसली. मुंग्या आल्यावर झटकतात तसा. एकदा, दोनदा, पाच वेळा.

मग परातीला टेकवून ठेवलेला तांब्याही गेला. खणखणत गेला पार उंबऱ्यापर्यंत.

बाहेर सौरवनं टीव्हीचा आवाज दोन घरं वाढवला.

ह्या एका गोष्टीनं स्वराली जागच्या जागी थांबली. तिला आठवलं, पहिल्यांदा आईच्या हातून दुधाचं पातेलं पडलं होतं तेव्हा तिघंही धावली होती. आप्पा तर अंगणातून चिखलाच्या पायांनी आत आले होते. दोन वर्षांत भांडी तीच राहिली, पडायचीही तशीच, पण धावणारं कमी कमी होत गेलं. आणि आज? आज तीही धावली नव्हती. ती 'विषय मिळंना' म्हणत उभी होती.

आईच्या मनगटात शीर दाबली गेलीय, हे डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. छोटं ऑपरेशन, त्याच दिवशी घरी, पण पुढं तीन आठवडे त्या हातानं पीठ नाही, पाणी नाही, वजन नाही. हाताचे डॉक्टर कोल्हापूरहून दर बुधवारी यायचे. घरात सगळ्यांना लगेच पटलं होतं. आप्पा म्हणाले होते, "करून टाकूया." सौरव म्हणाला होता, "करायलाच पायजे." आई म्हणाली होती, "करते की, एवढी सुगी होऊ दे."

सुगी झाली. मग रताळ्याचे वेल लावायचे होते, मग रताळी काढायची होती, मग कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, मग परत सुगी. बुधवार येत गेले. एकाही बुधवारी कुणी नाही म्हणालं नाही.

गेल्या महिन्यात औषधाला गेल्यावर डॉक्टरांनी आईचा अंगठा दाबून बघितला होता. अंगठ्याखालचा उंचवटा बसत चाललाय म्हणाले. "आणखी थांबलात तर ऑपरेशन करूनही पकड पूर्वीसारखी येईल, ह्याचा शब्द मी देणार नाही." आईनं परत येताना बसमध्ये स्वरालीला सांगितलं होतं, "आप्पास्नी एवढं सगळं नको सांगू. काळजी करत बसतील." आणि स्वरालीनं मान डोलवली होती. ह्या घराची मान डोलवायची सवय तिच्या अंगात चांगलीच मुरली होती.

सोमवारी सकाळी तिनं चौथी चिठ्ठी दिली. सरांनी चष्मा वर सरकवून वाचली. 'माझ्या आईच्या हाताचं ऑपरेशन ह्या बुधवारी व्हावं.'

सरांनी ती पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "बाळ, ह्याच्या विरुद्ध कोण आहे?"

"कुणीच न्हाय सर."

"वडील?"

"ते करूया म्हणतात."

"आई?"

"ती पण करूया म्हणते."

"मग फळ्यावर सगळे हात एकाच रकान्यात येणार. भाषणानंतरही तिथंच राहणार. तुला शून्य द्यावं लागेल मला, कळतंय का?"

"कळतंय," स्वराली म्हणाली. पिळायला पदर नव्हता म्हणून ती ओढणीचं टोक पिळत होती. "पण सर, विरुद्ध असलेल्याला पटवता येतंय हो. युवराजनं करदंट चारलं की. ज्यांना पटलेलंच हाय, त्यांचं काय करायचं?"

सरांनी चिठ्ठी उघडी तशीच टेबलावर ठेवली. ह्या वेळी घडी घातली नाही. "बोल," म्हणाले. "गुणांचं बघू."

दुपारच्या सुट्टीत तिनं दवाखान्यात फोन लावला. फोनवरची बाई सरावलेली होती, आईचं नाव मंगल म्हटल्यावर वहीत बघायचीही तिला गरज पडली नाही. "कंग्राळीच्या ना? दोन वर्षांत आठ वेळा नाव घातलंय आणि आठ वेळा काढलंय. ह्या बुधवारी एक जागा आहे. मग डॉक्टर दोन महिने नाहीत, मुलीकडं चाललेत. उद्या पाचच्या आत नक्की कळवा, नाहीतर दुसऱ्याला देते."

रविवारी संध्याकाळी वळीव येऊन गेला होता आणि गावात दुसरा विषय नव्हता. रानाला वाफसा आला होता, नांगराला हवी तेवढीच ओल. पण सध्या गावात वार पाळणूक चालली होती. पाच मंगळवार अख्ख्या गावानं शेतातलं काम बंद ठेवायचं, मातीला लोखंड लावायचं नाही. उद्याचा मंगळवार पाचवा, शेवटचा. म्हणजे बुधवारी उजाडताच सगळं गाव एकदम ट्रॅक्टर शोधत पळणार. सोमवारी संध्याकाळी आप्पा घरी आले ते हसतच.

"शामूचा ट्रॅक्टर सांगितला," त्यांनी टोपी खुंटीला लावता लावता सांगितलं. "बुधवारी पयला नंबर आपला! बांधाशेजारचा भावकू हात चोळत बसला. त्याला थेट शनवार मिळाला."

आईनं चहा पुढं केला, डाव्या हातानं. आप्पांनी कप घेतला. कुठल्या हातानं दिला हे त्यांना दिसलं की नाही, स्वरालीला कळलं नाही. आत्ताच सांगावं? पण आत्ता सांगितलं तर आप्पा म्हणतील, "व्हय की, करूया, एवढी नांगरट होऊ दे." आणि आई आतूनच म्हणेल, "तेच म्हंते मी." मग झालंच.

"आप्पा, उद्या माझं भाषण हाय कॉलेजात. घरचं माणूस आणायला सांगितलंय. येशीला?"

"मी?" आप्पांनी कप खाली ठेवला. "मी काय करू तिथं?"

"बसायचं. ऐकायचं."

"उद्या वार हाय, तसा मी मोकळाच," आप्पा म्हणाले. "तुझ्या आईला ने की."

"मला कुठलं जमतंय," आई आतून म्हणाली. "शेवटचा वार. नैवेद हाय, पावणं येतील."

आणि स्वरालीला पहिल्यांदा दिसलं, की वारादिवशी नांगर थांबतो, विळा थांबतो, बैलांच्या मानेवर जू चढत नाही, आणि चूल मात्र रोजच्यापेक्षा दुप्पट पेटते.

मंगळवारी आप्पा इस्त्रीचा शर्ट आणि नवी टोपी घालून आले. बसमध्ये ओळखीच्या प्रत्येकाला सांगत आले, "पोरीचं भाषण हाय." वर्गात युवराजनं उठून त्यांना आपल्या बाकावर जागा दिली आणि हळूच विचारलं, "काका, कुंदा का करदंट?" "दोन्ही दिलं तर दोन्ही खातो बघ," आप्पा म्हणाले, आणि बाकाभोवतीच्या पोरांशी त्यांची लगेच दोस्ती झाली.

सरांनी फळ्यावर विषय लिहिला. आप्पांनी तो अक्षर लावून वाचला, आणि त्यांच्या तोंडावरचं हसू जिथं होतं तिथंच राहिलं, नुसतं आतून रिकामं झालं.

"बाजूनं?" सरांनी विचारलं.

पस्तीसच्या पस्तीस हात. छत्तिसावा आप्पांचा, खांद्यापर्यंतच आलेला.

"विरुद्ध?"

कुणी नाही. कुणीतरी मागं फिस्सकन हसलं.

स्वराली उभी राहिली. पाठ केलेली सुरुवात कुठल्या कुठं गेली. घड्याळात सव्वातीन झाले होते.

"मला शून्य गुण मिळणार हायत," ती म्हणाली. "कारण आमच्या घरात सगळ्यांना हे दोन वर्षांपासून पटलेलं हाय. कुणी एक जरी नको म्हणालं असतं, तर मी त्याच्याशी भांडले असते. दोन दिवसांत निकाल लागला असता. पण आमच्यात कुणी भांडायलाच मिळंना."

मग तिनं बुधवार सांगायला घेतले. कुठला बुधवार रताळ्यांनी खाल्ला, कुठला मावसभावाच्या साखरपुड्यानं, कुठला सौरवदादाची पाळी बदलली म्हणून गेला. सांगता सांगता तिचा आवाज चढत गेला, हात कुठं ठेवावेत कळेना, ती टेबलाच्या ह्या कडेवरून त्या कडेवर येरझारा घालायला लागली. तांब्या पडल्याचं सांगितलं. टीव्हीचं सांगितलं. अंगठ्याखालचा उंचवटा बसलाय आणि आणखी थांबलं तर पकड परत येईल असं डॉक्टर म्हणत नाहीत, हेही सांगून टाकलं. आप्पांनी तेव्हा डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बाकीच्यांचं जाऊ दे," ती म्हणाली, आणि इथं तिला थांबावं लागलं. हे तिनं लिहून आणलेलं नव्हतं. "मी पण हात वर करणाऱ्यातलीच हाय. मला ठाऊक होतं डॉक्टर काय म्हणाले ते. महिना झाला. मी आप्पांना सांगितलं न्हाय, कारण... आई म्हणाली म्हणून, असं मी मला सांगत होते. पण तीन आठवडे आईचा हात बंद म्हणजे भाकरी कुणी करायची? मला येत न्हाय. एकोणीस वर्सं मी अभ्यास हाय म्हणून उठले न्हाय. आईचा हात बरा व्हावा असं मला वाटत होतं, पण तोवर तो चालू राहावा असंबी वाटत होतं. बुधवार उद्या हाय. पाचच्या आत कळवायचंय. एवढंच."

पाच मिनिटं झालीही नव्हती. ती जाऊन आपल्या जागेवर बसली आणि बसल्या बसल्या पाय हलवायला लागली.

सर खडू घेऊन उभे राहिले. नियम तो नियम. "बाजूनं?"

पस्तीस हात वर गेले. आप्पांचा गेला नाही.

वर्गानं मान वळवून मागं बघितलं. "विरुद्ध?" सरांनी जरा घाबरतच विचारलं.

"न्हाय हो सर," आप्पा उठून म्हणाले. "विरुद्ध कशाला असंन मी? आता हात वर करून काय उपयोग, म्हणून केला न्हाय." त्यांनी शर्टाच्या खिशातून फोन काढला. वर्गात फोन काढला तर सर जप्त करायचे. सरांनी खिडकीकडं बघितलं.

"हॅलो, शामू? मी रवळू बोलतोय. व्हय व्हय. उद्याचा माझा नंबर भावकूला दे... आरं दे म्हंतोय न्हवं. शनवारी मी घेतो त्याचा... वाफसा गेला तर गेला. न्हाय, भांडण कुठलं? मंगलचं ऑपरेशन हाय उद्या... अचानक कसलं रं, दोन वर्सं झाली."

आप्पांनी फोन बंद केला आणि स्वरालीकडं बघून म्हणाले, "दवाखान्याचा नंबर लाव. मी बोलतो."

सरांनी फळ्यावर 'बाजूने' खाली पस्तीस लिहिलं होतं. आधीचा आकडा छत्तीस. ते दोन्ही आकडे बघत उभे राहिले. "हिशेबानं तुझा एक हात कमी झालाय," शेवटी म्हणाले. "आणि घरचं माणूस आणल्याचे दोन. मला हे मांडता येईना झालंय. उद्या सांगतो."

"उद्या ती न्हाय यायची सर," आप्पा म्हणाले.

परतीच्या बसमध्ये दोघांना शेजारी जागा मिळाली. गाव जवळ आल्यावर आप्पांनी घसा साफ केला. "सदलग्याच्या मालुमावशीला बोलवूया काय? तीन आठवडं राहील. भाकरीचं भागंल."

"नको," स्वराली म्हणाली.

"का गं? आनंदानं येईल ती."

"येईल की. नको म्हणायची न्हाय. म्हणूनच नको. तिच्यापण घरात चूल हाय आप्पा."

आप्पा खिडकीबाहेर बघत राहिले. बांधाबांधानं रान ओलं काळं पडलं होतं, नांगराची वाट बघत. "सौरवला पोळपाट घेऊन देतो," ते म्हणाले, आणि भाषणानंतर पहिल्यांदा नीट हसले.

आई ऐकून आधी चिडली. मला न विचारता, पावण्यांच्या घोळात, उद्याच कसं, धुणं भिजत घातलंय. पाहुणे खरं तर केव्हाच जेवून गेले होते. आप्पांनी ट्रॅक्टरचा नंबर सोडला हे कळल्यावर ती मटकन पाटावर बसली. "पयला नंबर?" एवढंच दोनदा म्हणाली. मग उठली आणि सवयीनं परात ओढली, कारण दिवेलागण झाली होती आणि संध्याकाळच्या भाकरी राहिल्या होत्या.

स्वरालीनं परात तिच्या पुढ्यातून काढून आपल्याकडं घेतली.

पीठ आधी सैल झालं, मग दगड झालं. पहिली भाकरी थापता थापता मधोमध फाटली. तिनं गोळा केली, परत थापली, ती कंग्राळीच्या रस्त्यासारखी कुठं उंच कुठं खोल झाली. सौरव दाराशी येऊन बघत होता. "ही खायची काय चिकटवायची?" त्यानं विचारलं.

"खायची," आप्पा म्हणाले. "आणि उद्या तुझी पाळी हाय. ह्या पाळीला सुट्टी मिळत न्हाय. टीव्ही बंद कर."

आई समोर बसून होती. फाटलेली कड बघून तिचा उजवा हात आपोआप परातीकडं निघाला, जसा लेकराकडं निघावा.

"आई, हात माघारी घे," स्वराली म्हणाली.

आईनं हात मागं घेतला. मांडीवर ठेवला. तिथं त्याला चैन पडेना, म्हणून डाव्या हातानं धरून ठेवला. भाकरी तव्यावर पडली, कड दुमडून.

"पाणी लाव तिला वरनं," आई म्हणाली. "चटकन. हां, तसं न्हवं."